कासवबेटावरचे पाच दिवस

चुंफोनच्या धक्क्यावरून रात्री अकराच्या सुमारास सुटणारी बोट मुळात मालवाहू आहे. खालच्या मजल्यावर बर्फाच्या पेट्या, सिमेंटची पोती, भाज्यांच्या करंड्या आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. वरच्या मजल्यावर एकमेकींना खेटून अंथरलेल्या अरुंद गाद्या, प्रत्येकीवर एक उशी आणि एक पातळ चादर. हेच अंतर वेगवान बोट दीड-दोन तासांत कापते, हिला सहा तास लागतात. परंतु तिचे भाडे थोडे असते आणि एका रात्रीच्या खोलीचे पैसेही वाचतात. २०२४ च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात या गाद्यांपैकी दोन सांगलीच्या एका गृहस्थांनी आणि त्यांच्या मुलीने घेतल्या होत्या. गृहस्थांचे वय सत्तावन्न. एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत त्यांची तीस वर्षे गेलेली, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. मुलगी पुण्यात नोकरीस, वय पंचवीस. थायलंडच्या आखातातील को ताओ या बेटावर स्कूबा शिकावयाचे, हा बेत तिचा. खर्चही तिच्याच शिलकीतून होणार होता. अट एकच होती, ती म्हणजे वडिलांनी बरोबर यावयाचे आणि नुसते काठावर बसून राहावयाचे नाही.

या अटीमागे मालवणची एक आठवण होती. दोन वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात ती प्रथम पाण्याखाली गेली होती. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर अशा फेऱ्या आता पुष्कळ होतात. त्यांत नवख्या माणसाला काही शिकावे लागत नाही. जाणकार मागून धरून ठेवतो, वीस-पंचवीस मिनिटे मासे दाखवतो आणि वर आणून सोडतो. त्या दिवशी वडील होडीतच बसून राहिले. "पुढच्या वेळी बघू," असे ते म्हणाले होते. मुलीने ते शब्द लक्षात ठेवले.

पहाटे पाचच्या सुमारास बोटीच्या कठड्याशी उभे राहिले असता बेटाची काळी रेषा दिसू लागली. 'को' म्हणजे बेट आणि 'ताओ' म्हणजे कासव. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर, मध्यभागी दाट झाडीचा डोंगर, कडेला ग्रॅनाइटचे प्रचंड गोलसर दगड आणि त्यांच्या मधून अर्धचंद्राकृती खाड्या. मुख्य भूमी येथून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. १८९९ मध्ये सयामचे राजे चुलालाँगकॉर्न येथे येऊन गेले. त्यांची आद्याक्षरे कोरलेला खडक सैरी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी आजही जपलेला आहे. पुढे काही काळ राजकीय कैद्यांना या बेटावर ठेवले जात असे. महायुद्ध संपल्यावर कैदी गेले, आणि शेजारच्या को फांगान बेटावरून काही कुटुंबे येऊन नारळ लावू लागली, मासे धरू लागली. १९८० नंतर पाठीवर पिशवी टाकून भटकणारे तरुण येऊ लागले, त्यांच्या मागोमाग हवेच्या टाक्या आल्या. नारळाच्या बागांचे बेट दहा-पंधरा वर्षांत पाणबुड्यांच्या शाळांचे बेट झाले. नव्याने पाण्याखाली उतरणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या जगातील सर्वांत गजबजलेल्या जागांमध्ये आज त्याची गणना होते.

इतक्या दूरच्या बेटावर हे शिक्षण स्वस्त का, असा प्रश्न व्यवहारी मनुष्यास पडणारच. एक कारण भूगोलाचे. बेटाच्या पश्चिमेकडील उथळ, शांत प्रवाळक्षेत्रे धक्क्यापासून बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. इंधन थोडे लागते, एका सकाळी दोन डुबक्या सहज होतात. दुसरे कारण स्पर्धेचे. चिमुकल्या बेटावर डझनावारी शाळा आहेत आणि एका शाळेने दर उतरवला की शेजारचीला उतरवावा लागतो. त्यातून शिकणाऱ्याला शाळेच्याच सामायिक खोलीत फुकट किंवा नाममात्र दरात राहू देण्याची येथे रीत पडली आहे. साडेतीन-चार दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला त्या सुमारास दहा-अकरा हजार बाट पडत. थाई चलनाचा भाव सव्वादोन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे माणशी पंचवीस हजार रुपये. त्या वर्षी भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश असल्याने तोही खर्च वाचला. बँकॉक ते चुंफोन हा पावणेपाचशे किलोमीटरांचा प्रवास आगगाडीने व पुढे रात्रीच्या बोटीने केल्यास एका माणसाचा खर्च हजार बाटच्या आत राहतो. ऋतूचाही हिशेब बरोबर जुळला. आपल्याकडे मेअखेर समुद्र खवळू लागतो. या आखातात तेव्हा पाणी शांत असते, आणि तेथील जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो.

स्वस्ताईचा एक चौथा भागही आहे, तो दरपत्रकात छापलेला नसतो. भांडी घासणारे, खोल्या झाडणारे, बोटीवर हवेच्या जड टाक्या उचलून ठेवणारे हात पुष्कळदा म्यानमारहून आलेल्या मजुरांचे असतात. शिक्षकही बहुतांशी परदेशी तरुण. त्यांना पगारापेक्षा विद्यार्थ्यांच्या संख्येवर पैसे मिळतात. म्हणून काही ठिकाणी एका शिक्षकामागे आठ-आठ विद्यार्थी दिसतात. मुलीने पुण्यात बसून जी शाळा निवडली ती सर्वांत स्वस्त नव्हती; तेथे एका शिक्षकाकडे चारच जण घेत. वडिलांना हे कळले तेव्हा शिक्षकाच्या नात्याने त्यांनी मान डोलावली. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर काय होते ते त्यांना ठाऊक होते.

बेटावर उतरताच पहिला प्रश्न जेवणाचा आला. पिशवीत भाजणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि खाकरे होते. पण पाच दिवस तेवढ्यावर निघणार नव्हते. थाई स्वयंपाकात माशाचे पाणी, म्हणजे 'नाम प्ला', मिठासारखे वापरतात. भाज्यांची म्हणून समोर आलेली ताटलीही त्यातून सुटलेली असेलच असे नाही. मात्र त्या देशात दोन शब्द फार उपयोगी पडतात. पहिला 'मांगसविरत', जो उच्चारताच आपला 'मांसविरति' कानावर येतो. तरी त्यात अंडी चालतात हे लक्षात ठेवावे. दुसरा 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतून आलेले हे व्रताचे अन्न. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. पिवळ्या पताकेवर तांबड्या रंगात लिहिलेले ते अक्षर ज्या दुकानावर दिसेल तेथे निःशंक जावे. कंदमुळे मात्र 'जे'मध्ये चालतात, म्हणून ज्यांना ती वर्ज्य आहेत त्यांनी वेगळे विचारून घ्यावे. धक्क्यापासून आत वळलेल्या एका गल्लीत अशी पताका वडिलांना दिसली. तेथील वृद्ध बाईने भात, टोफू आणि कोवळ्या मक्याची भाजी वाढली. पुढचे चारही दिवस दोघे तेथेच जेवले, सूर्यास्ताच्या आत. कारण बाईचे दुकानही साधारण तेव्हाच बंद होई.

संध्याकाळी शाळेत अर्ज भरावयाचा होता. त्यात प्रकृतीविषयी प्रश्नांची मोठी यादी असते, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना अधिक प्रश्न. वडिलांनी सांगलीहून डॉक्टरांचे पत्र आणले होते. रक्तदाब ठीक, हृदय ठीक. "सर्दी आहे का?" या प्रश्नापाशी त्यांची लेखणी क्षणभर थांबली. आदल्या दिवशी आगगाडीच्या वातानुकूलित डब्यात सात तास गारठून नाक थोडे चोंदले होते. एवढ्याने काय होते, असे म्हणून त्यांनी 'नाही' लिहिले.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावात धडे सुरू झाले. येथे एक गैरसमज दूर करणे बरे. पाठीवरच्या टाकीत 'ऑक्सिजन' असतो असे आपण सर्रास बोलतो. वस्तुतः तीत साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून, वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली. ती हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडात देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. १९४३ मध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान या दोन फ्रेंचांनी ते आजच्या रूपास आणले आणि पाण्याखाली मुक्तपणे हिंडणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. सर्व नियमांत पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. खोल पाण्यात घेतलेला श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते आणि इजा करते. पोहणाऱ्या माणसाला हा नियम पाळणे सर्वांत कठीण, कारण पाण्यात श्वास रोखण्याची सवय त्याच्या हाडीमासी खिळलेली असते.

वडील कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेले. दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे, या परीक्षेत त्यांनी चौघांतल्या दोघा तरुण जर्मनांना मागे टाकले. अडली ती मुलगी. पाण्याखाली डोळ्यांवरचा मास्क पूर्ण काढावयाचा, पुन्हा चढवावयाचा आणि नाकाने हवा सोडून आतले पाणी बाहेर घालवावयाचे, हा एक आवश्यक धडा असतो. मालवणला हे कोणी करावयास लावले नव्हते. मास्क काढताच तिच्या नाकात पाणी गेले, ती धडपडत उभी राहिली. तलाव छातीइतकाच खोल होता, म्हणून निभावले. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच. शिक्षिका मध्यमवयीन, स्पेनची. ती रागावली नाही, तिने घाईही केली नाही. बाकीच्यांना दुसरा अभ्यास देऊन ती मुलीपाशी बसून राहिली.

"अण्णा, मला नाही जमत हे," मुलगी कठड्याशी येऊन म्हणाली. "तुम्ही करा, मी वर थांबते."

"नाकाकडे लक्ष देऊ नकोस गं," अण्णा म्हणाले. "तोंडाने घे, तोंडाने सोड, आणि मनात पाढे म्हण. लहानपणी लाइट गेली की म्हणायचीस ना, तसे."

सतराच्या पाढ्याशी मास्क परत जागेवर बसला. संध्याकाळी खोलीवर परतताना दोघांमध्ये यावर फारसे बोलणे झाले नाही. सांगलीहून आईचा फोन आला तेव्हा मुलीने तलाव फार छान असल्याचे सांगितले.

तिसऱ्या दिवशी समुद्र. बेटाच्या वायव्येस को नांग युआन नावाची तीन टेकाडे पांढऱ्या वाळूच्या पट्टीने एकमेकांना जोडलेली आहेत. भरतीला पट्टी पाण्याखाली जाते, ओहोटीला वर येते. त्या बेटांवर उतरण्यास शुल्क पडते आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे. नवशिक्यांना उतरवतात ते त्याच्या आसपासच्या पाण्यात, बारा मीटरांपर्यंत. बोटीतून एक लांब पाऊल टाकून पाण्यात उडी घ्यावयाची, मग नांगराच्या दोरास धरून हळूहळू खाली.

शाळेत तीस वर्षे ते फळ्यावर बॉइलचा नियम लिहीत आले होते: तापमान स्थिर असता वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो. समुद्राच्या पृष्ठभागी वातावरणाचा एक पट दाब असतो. दहा मीटरांवर तो दोन पट होतो, म्हणजे हवेचे आकारमान निम्मे. वीस मीटरांवर तीन पट, आकारमान एक-तृतीयांश. म्हणूनच सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो. मध्यकर्णातील हवा आकसते, कानाचा पडदा आत ओढला जातो. घशातून कानाकडे जाणारी बारीक नलिका उघडून तेथे हवा पोचवली तरच वेदना थांबतात. त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावयाचे. वाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. सर्दी झालेल्या माणसाची नलिका सुजलेली असते, आणि मग फुंकून उपयोग होत नाही.

दोन मीटरांवर अण्णांचा डावा कान दुखू लागला. त्यांनी हात आडवा हलवून खूण केली. शिक्षिकेने त्यांना थोडे वर नेले, पुन्हा प्रयत्न करावयास लावला. वर, खाली, पुन्हा वर. बाकी तिघे सहा मीटरांवरच्या वाळूत गुडघे टेकून वाट पाहत होते. तब्बल आठ-नऊ मिनिटांनी कानात बारीक आवाज झाला आणि वाट मोकळी झाली. त्यानंतरची अर्धी घटका अण्णांच्या आयुष्यातली निराळीच होती. त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली एवढेच लिहिलेले आहे: "वजन नाही. आवाज फक्त स्वतःच्या श्वासाचा. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. आर्किमिडीज."

खाली काय दिसले? खडकाच्या पायथ्याशी समुद्रफुलाच्या बोटांसारख्या शुंडकांत लपणारे गुलाबी विदूषक मासे. त्या शुंडकांचा दंश इतरांना मारक, यांना मात्र घरासारखा. प्रवाळावर वीतभर अंतराने उगवलेले इवले रंगीत तुरे, जे वस्तुतः कृमी आहेत आणि सावली पडताच क्षणार्धात नळीत शिरतात. चोचीने प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे; त्यांचे कुरतडणे पाण्यात स्पष्ट ऐकू येते, आणि त्यांनी पचवून टाकलेल्या चुन्यातून किनाऱ्यावरची पांढरी वाळू पुष्कळशी तयार होते. टायटन ट्रिगर नावाचा दीडेक हात लांबीचा मासा आपल्या घरट्याजवळ कोणाला येऊ देत नाही. त्याचा इलाखा वरच्या बाजूस शंकूसारखा रुंदावत जातो असे समजतात, म्हणून त्यापासून वर पळावयाचे नसते, आडवे सरकावयाचे असते. शिक्षिकेने दुरूनच त्याला ओळखले आणि सर्वांना वळसा घालून नेले.

मुलीचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. उतारावर शुभ्र शाखांचा मोठा ताटवा उभा होता, जणू कोणी मोगऱ्याचा मांडव घातलेला. काही ठिकाणी ती शुभ्रता फिकट निळी, काही ठिकाणी जांभळट. तिला ते अतिशय सुंदर वाटले. बोटीवर आल्याबरोबर तिने शिक्षिकेला त्या पांढऱ्या प्रवाळाचे नाव विचारले.

त्या जातीचा खरा रंग तपकिरी होता. प्रवाळ हा सूक्ष्म प्राण्यांचा समूह. त्यांच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल त्यांना अन्न पुरवते आणि रंगही देते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने जरी कित्येक आठवडे चढलेले राहिले तरी हे सख्य मोडते, प्राणी शैवालाला बाहेर टाकतो आणि पारदर्शक शरीराखालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. त्या अवस्थेत प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर शैवाल परत येऊ शकते. न निवले तर काही आठवड्यांत सांगाड्यावर शेवाळ चढते. थायलंडच्या आखातात १९९८ मध्ये आणि २०१० मध्ये असे घडले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळक्षेत्रांसाठी चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली, आणि मे महिन्यात त्याचे पांढरे ताटवे या लहानशा बेटाभोवतीही उभे राहिले. शिक्षिका त्या पाण्यात बारा वर्षे उतरत होती. "मी पहिल्या दिवशी हे कोणाला सांगत नाही," ती म्हणाली. "विचारले तरच सांगते."

त्या रात्री मुलगी बराच वेळ जागी होती. एका बाजूला तिच्याच विमानाचा, बोटीचा धूर. दुसऱ्या बाजूला नवशिक्यांच्या पायांतल्या रबरी पंखांचे फटकारे. प्रवाळाच्या शाखा वर्षाला फार तर काही इंच वाढतात आणि घुमटासारखे वाढणारे प्रवाळ जेमतेम सेंटिमीटरभर. नवख्याची एक लाथ वर्षांचे काम पुसते. बेटावरच्या लोकांना हे कळत नाही असे नव्हे. नांगर खडकावर टाकू नये म्हणून बोया बांधलेले आहेत, तुटलेल्या शाखा लोखंडी चौकटींवर बांधून पुन्हा वाढवल्या जातात. २०११ मध्ये 'सत्ताकुट' हे थाई नौदलाचे निवृत्त जहाज सुमारे ३० मीटर खोलीवर मुद्दाम बुडवले गेले, ते पाणबुड्यांची काही गर्दी जिवंत प्रवाळावरून तिकडे वळावी यासाठीही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्य उतरवण्यासाठी बांधलेले ते जहाज आज माशांचे निवासस्थान आहे. पण समुद्र तापला की बोया आणि चौकटी काय करणार? आणि हेही खरे की पैसे मोजून पाण्याखाली जाणारे हे लोक नसते, तर मे महिन्यातल्या त्या पांढऱ्या ताटव्याची खबर वर कोणाला लागली नसती.

चौथ्या दिवशी अठरा मीटरांची डुबकी होती. दोन यशस्वी डुबक्यांनंतर अण्णांच्या नाकाची सूज उतरण्याऐवजी वाढली होती. सकाळी त्यांनी मुलीला काही सांगितले नाही. नाक मोकळे करणारी गोळी घ्यावी, असा विचार करून धक्क्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत ते जाऊन आले. पण आदल्या दिवशीच्या धड्यात ऐकलेले आठवून परत फिरले. गोळीचा परिणाम खोल पाण्यात ओसरला तर कानात अडकलेली हवा वर येताना निघत नाही, आणि तेव्हा वर येणे तर टाळता येत नाही.

दोरावर तीन मीटरांशी डावा कान पुन्हा बंद झाला. शिक्षिका त्यांच्यापाशी थांबली, मुलगीही थांबली. एकदा वर, एकदा खाली. दोन जर्मन खालच्या निळ्या धुक्यात दुसऱ्या शिक्षकाबरोबर अस्पष्ट दिसत होते. पाचव्या प्रयत्नाला वेदना इतकी झाली की अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. मास्कच्या आत ते कोणाला दिसले नाही. जोराने फुंकले असते तर कदाचित वाट उघडली असती, कदाचित पडदा फाटला असता. समोर शिक्षिका दोन्ही तळवे उघडे धरून स्थिर होती: निर्णय तुमचा. अण्णांनी अंगठा वर केला. पाणबुड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'छान' असा नसतो; त्याचा अर्थ 'मी वर जातो' असा असतो, आणि तो कोणी दाखवला की कारण विचारावयाचे नसते.

मुलीनेही लगेच अंगठा वर केला.

अण्णांनी मान हलवली. तिच्याकडे बोट दाखवले, मग खाली बोट दाखवले. ती हलली नाही. त्यांनी तेच पुन्हा केले, या वेळी वर्गात उठबस करणाऱ्या मुलाला दाखवतात तसे, भुवया उंचावून. ती खाली गेली. बोटीवरचा मदतनीस अण्णांना घेण्यास शिडीशी आला.

अठ्ठावीस मिनिटे अण्णा बोटीच्या छतावर बसून बुडबुडे पाहत होते. चौघांचे बुडबुडे कोणते कोणाचे हे सांगता येत नाही. तरी त्यांनी एक पुंजका आपल्या मुलीचा म्हणून ठरवला आणि त्यावरची नजर काढली नाही. पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावयाचे असते, हे ठाऊक असूनही त्यांना ती तीन मिनिटे फार लांब वाटली.

वर येताच ती प्रथम म्हणाली, "अण्णा, मास्कमध्ये पाणी शिरले होते. अठरा मीटरांवर. मी काढले."

"पाढा कितीचा?"

"एकोणतीसचा. सतराचा संपला."

दुसऱ्या डुबकीस अण्णा गेलेच नाहीत. शिक्षिकेने त्यांच्या नावे दोन डुबक्यांची नोंद करून दिली आणि सांगितले की नाक निवळल्यावर उरलेल्या दोन कोठेही पूर्ण करता येतात, शाळा कोणतीही असो. पैसे परत मिळणार नव्हते; अर्जातल्या त्या 'नाही'बद्दल अण्णांनी तिची क्षमा मागितली. तिने शांतपणे सांगितले की हे पत्र रोज कोणीतरी खोटे भरते, पण चूक कबूल करणारे आपण या महिन्यातले पहिले.

पाचवा दिवस कोरडा ठेवलेला होता, कारण एकाहून अधिक डुबक्या घेतल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. दोघे सैरीच्या किनाऱ्यावरून चालत राजाच्या आद्याक्षरांच्या खडकापर्यंत गेले. ओहोटी होती. वाळूवर पांढऱ्या शाखांचे तुकडे पसरलेले, लाटेबरोबर सरकताना काचेसारखे किणकिणणारे. मुलीने एक उचलला, हातात फिरवून पाहिला आणि होता तेथेच ठेवला. दुपारी पिवळ्या पताकेच्या दुकानात बाईने हिशेब करून चार बाट परत दिले. अण्णांनी ते घेतले नाहीत, तिने ते त्यांच्या हातात कोंबले.

रात्रीच्या बोटीवर परतीच्या वेळी गाद्या जवळपास रिकाम्या होत्या. खालच्या मजल्यावर रिकाम्या करंड्या आणि कचऱ्याची बांधलेली पोती मुख्य भूमीकडे चालली होती. अण्णांनी वही काढून खर्चाची बेरीज केली, दोनदा तपासली. अंदाजापेक्षा सव्वादोन हजार रुपये अधिक झाले होते. मग पान उलटून त्यांनी एक नवीन ओळ लिहिली: तारकर्ली, डिसेंबर, उरलेल्या दोन. आणि कानात कापसाचा बोळा घालून ते झोपी गेले.